गफूरमियांची मान

गफूरमियांनी स्वतःच्या मनगटावर कधी घड्याळ बांधलं नाही. त्या काळी धाराशिवात मनगटावर घड्याळ मिरवणारी माणसं अशी कितीशी असणार? पण जी होती त्या सगळ्यांची घड्याळं कधी ना कधी गफूरमियांच्या चिमट्याखालून गेलेली होती. त्यांचं स्वतःचं मनगट मात्र मोकळं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हलवाई कधी मिठाई खाताना बघितला का?" आणि डोळ्यातलं भिंग न काढता हसायचे. त्या भिंगामुळं त्यांचा एक डोळा हसतोय आणि दुसरा चौकशी करतोय असं वाटे.

मी तेव्हा खजिन्यात अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून. निजामाच्या राज्यात कारकुनालाही असं भारदस्त नाव मिळायचं, काम मात्र शाई वाळवायचंच असे. खजिन्याच्या दारात पितळेची एक जाड थाळी टांगलेली होती. आतल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून पहारेकरी दर तासाला तिच्यावर टोले द्यायचा आणि त्या टोल्यांवर सगळा गाव चालायचा. गफूरमियांचं दुकान खजिन्यासमोरच, दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक फळी, एक पेटी आणि मागं गालिच्याचा तुकडा. टोले पडले की गफूरमियाँ काम थांबवून फळीवरच्या चालत्या घड्याळांशी ते ताडून बघत. टोला बरोबर असला की मान वर करून एकदा डोलवत आणि परत कामाला लागत. चुकलेला असला तर मान खालीच. मग बाजारात हसू उठे, "आज पहारेवाला झोपला होता." आणि कुणीही त्या टोल्यावर घड्याळ लावत नसे.

हळूहळू ही मान गावाच्या बोलण्यातच शिरली. कुणी काही नवल सांगितलं की ऐकणारा विचारायचा, "गफूरमियांची मान डोलली का?" म्हणजे हे खरं आहे का. पोरगी पसंत पडली, बैल खोडीचा नाही, अमक्याचं दुखणं बरं झालं, सगळ्याला तेच माप. स्वतः गफूरमियांना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं. साधुसंतालाही एखादा मोह असतो, यांना हा एक होता.

लग्नात भटजी घटकापात्र मांडून बसत, तरी मुहूर्ताच्या वेळी मांडवाच्या खांबाशी गफूरमियांना उभं करायची पद्धत पडली होती. कुणाचं तरी घड्याळ हातात घेऊन, डोक्यावर काळी टोपी घालून हा माणूस ब्राह्मणाच्या मांडवात उभा राही आणि त्याची मान डोलली की अंतरपाट खाली येई. आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात मुलीचा मामा ईट गावाहून निघालेला, पण गाडी वाटेत अडकली. मुलीची आई रडकुंडीला आली. सगळे गफूरमियांना विनवू लागले की जरा थांबा, मुहूर्त अजून व्हायचाय असं म्हणा, कुणाला कळतंय?

"घडीला कळतंय," गफूरमियाँ म्हणाले. आणि वेळ झाल्यावर त्यांनी मान डोलावली. अक्षता पडल्या. मामा आला तेव्हा जेवणाची पंगत बसत होती. तो पुढं कितीतरी वर्षं गफूरमियांच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवून जायचा. गफूरमियाँ त्याला न चुकता सलाम करत.

त्यांची दुसरी एक खोड होती, आणि तीच पुढं भोवली. बंद पडलेलं घड्याळ हातात आलं की ते त्याच्या तोंडाकडं बघत नसत. घेतलं की लगेच पालथं. मागची टोपी, म्हणजे झाकण, उघडायची, आतलं दुखणं बघायचं, ते चालू करायचं आणि तरी तोंड पालथंच ठेवून चावी ओढून काटे गरागरा फिरवून टाकायचे. मग सुलटं करून खरी वेळ लावायची. मी जुम्म्याला सुट्टी म्हणून त्यांच्या गालिच्यावर जाऊन बसायचो. एकदा विचारलं, हे काय हो?

"पंत, हैदराबादेत आमचे उस्ताद होते. ते बोलायचे, रुका हुआ वक्त देखना नै. मुर्द्याचं तोंड आपन चादरीनं झाकतो की न्हाय? तसंच हे. पहिला वक्त पुसून टाकायचा, मग नवा लावायचा."

"पण किती वाजता बंद पडलं ते कळायला नको?"

"कायकू? बंद पडलं ते पडलं. आता चालतंय ना?"

चालतंय ना, हाच त्यांचा धर्म होता. बंद घड्याळ त्यांना बघवतच नसे. तुम्ही बोलत बसलात, चहा आला, राजकारण निघालं, तरी त्यांची बोटं आपली आपण काम करत राहायची. बोलणं संपायच्या आत घड्याळ टिकटिकू लागलेलं असायचं, आणि ते कधी सुरू केलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तुळजापूरच्या एका पुजाऱ्यानं एकदा काच बसवायला घड्याळ आणलं. त्याच्या थोरल्या भावाचं होतं, भाऊ नुकताच गेलेला. पुजारी बजावून गेला, "गफूरमियाँ, फक्त काच. चालू करू नका. त्याच्याबरोबर बंद पडलंय ते तसंच राहू द्या." गफूरमियांनी मान डोलावली. संध्याकाळी पुजारी आला तर घड्याळ छान चालू, वेळ मिनिटाला मिनिट बरोबर. पुजाऱ्याचा चेहरा असा झाला की मी गालिच्यावरून उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता हा हात उगारणार. त्यानं घड्याळ हिसकावून घेतलं आणि फळीच्या पायरीवर जाऊन बसला. मग ते कानाशी धरून तसाच बसून राहिला. बराच वेळ गेला. उठला, ते मनगटावर बांधलं आणि गेला. पुढं ते घड्याळ त्याच्या मनगटावरून उतरलेलं कुणी पाहिलं नाही.

"बघितलं पंत?" गफूरमियाँ म्हणाले. "बंद घडी बंदच ठेवा म्हनतात. दिलातून कुनालाच तसं नको असतं."

त्या दिवशी त्या पुजाऱ्यानं घड्याळ त्यांच्या डोक्यात घातलं असतं तर फार बरं झालं असतं, असं मला पुढं वाटलं.

ती खोड भोवली तो दिवसही जुम्माच होता. दुपारची वेळ. अमीनसाहेबांचा, म्हणजे पोलीस फौजदाराचा, एक जवान, यादव नावाचा, लाखेचं सील केलेली कापडी पुडी घेऊन आला. तामलवाडीच्या पुलाखाली सोलापूरचा एक कापडवाला मेलेला सापडला होता, डोकं फुटलेलं, कमरेचा पैशांचा कसा गायब. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. तो ज्याच्या छकड्यातून येत होता त्या लिंबाजीला धरलं होतं हेही माहीत होतं. पुडीत त्या कापडवाल्याच्या मनगटावरचं घड्याळ होतं.

"अमीनसाहेबांनी धाडलंय, चाचा," यादव म्हणाला. "घडी मारानं बंद पडली का चावी सरून, तेवढं बघा. उद्या अदालतीत येऊन सांगायचं हाय. म्या चहा पिऊन येतो."

गफूरमियांनी सील फोडलं. घड्याळ बाहेर आलं ते पालथंच. काचेचे दोन तुकडे फळीवर पडले. पट्ट्याला वाळलेला चिखल होता. गफूरमियांनी तो नखानं खरवडला, मागची टोपी उघडली, भिंग डोळ्याला लावलं. आम्ही बोलत होतो. काय बोलत होतो तेही मला आठवतं, ज्वारीच्या भाकरीला कोणतं कोरड्यास चांगलं यावर. ते अंबाडीचे, मी पिठल्याचा.

"मारानंच," ते मध्येच म्हणाले. "चावी तर भरलेली हाय. दणका बसला आन बालकमान अडकली." केसाएवढी बारीक असते ती कमान, तिचा एक वेढा दुसऱ्यात गुंतला होता. सुईच्या टोकानं त्यांनी तो सोडवला. आतलं चाक थरथरलं आणि झुलायला लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं समाधान आलं. चावी ओढली, काटे पालथेच गरागरा फिरवले, सुलटं केलं, वेळ लावली. "अंबाडीत लसूण जास्ती पायजे, पंत."

यादव मिशा पुसत आला. "काय, मारानंच का?"

"हौ. मारानंच."

"मग झालं. आता किती वाजता बंद पडली तेवढं ध्यानात ठेवा. सारा खटला त्याच्यावरच हाय. छकड्याचा कणा मोडला म्हनून लिंबाजी सुताराला आणाया गावात गेला व्हता. सात ते नऊ तो करोडगिरीच्या जकात नाक्यासमोर सुताराच्या दारात बसलेला, नाक्यावरल्या घड्याळात बघून साऱ्यांनी सांगितलंय. घडीत सात ते नऊच्या मधलं वाजलं असलं तर तो सुटला. नसलं तर फाशी." मग त्याचं लक्ष घड्याळाकडं गेलं. "ही तर चालतीया."

 घड्याळ टिकटिकत होतं.  गफूरमियांनी भिंग काढलं. त्यांचे दोन्ही डोळे एकाच वेळी उघडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

"किती वाजले व्हते, चाचा?" यादवनं अगदी हळू विचारलं.

"म्या बघितलं न्हाय."

"पंत, तुमी?"

मी नकारार्थी मान हलवली. पालथं घड्याळ बघितलं होतं मी, पाठ बघितली होती. पंचनाम्यात तरी असेल, मी म्हणालो. यादव म्हणाला, पंचनाम्यात लिहिलंय, हातातलं घड्याळ एक, काच फुटलेली, बंद. काट्यांचं लिहायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिथं जमलेल्यांत घड्याळ वाचता येणारा होता कोण? अमीनसाहेबांनी तसंच पुडीत बांधलं होतं. एका माणसाचा जीव त्या दोन काट्यांवर होता, आणि ते काटे अंबाडीच्या भाजीवर बोलता बोलता पुसले गेले होते.

यादव घामानं भिजला. "माझी नोकरी गेली. चाचा, बंद करा तिला. काय तरी लावा आन बंद करा."

"चालती घडी बंद करू?" गफूरमियाँ म्हणाले. कुणी त्यांना पोटच्या पोराचा गळा दाबायला सांगावं तसा त्यांचा आवाज झाला होता. त्यांनी ते घड्याळ पेटीत ठेवलं आणि दुकान बंद केलं. टोले पडायच्या आतच गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या आधी मी दुकानाशी गेलो. फळीसमोर एक बाई उभी होती, कडेवर मूल. लिंबाजीची बायको. तामलवाडीहून चालत आलेली, पायावर धूळ गुडघ्यापर्यंत. यादवनं तिला काय सांगितलं होतं देव जाणे, पण घड्याळ कुणाच्या हातात आहे एवढं तिला कळलं होतं.

"चाचा, म्या अडाणी," ती म्हणाली. "मला घड्याळातलं कळत न्हाय. पर आमच्याकडंबी लोकं म्हंत्यात, तुमची मान डोलली की ते खरं. माझा धनी तिथं नव्हता. तो सुताराकडं व्हता. त्याच्यासाठी एकडाव मान डोलवा."

ती रडली नाही, पाया पडली नाही. मूल दुसऱ्या कडेवर घेऊन ती अदालतीकडं चालू लागली.

गफूरमियाँ बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत राहिले. मग त्यांनी पेटीतून घड्याळ काढलं. मी समोर उभा आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी चावी ओढली, काटे आठावर आणले, मागची टोपी उघडली आणि सुईच्या टोकानं ती बालकमान परत गुंतवली. टिकटिक थांबली. ज्या माणसानं मुलीच्या मामासाठी पाच मिनिटं थांबवली नाहीत, त्यानं हे माझ्या डोळ्यांदेखत केलं.  त्यांचा हात जराही हलला नाही, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

अदालत खच्चून भरली होती. न्यायाधीशाला तेव्हा नाझिम म्हणत. नाझिमसाहेब हैदराबादचे, तब्येतीनं बारीक, आवाजानंही बारीक. त्यांनी शपथ दिली. घड्याळ मारानं थांबलं का? जी. किती वाजता? गफूरमियांनी घड्याळ उचललं. बंद घड्याळाचं तोंड त्यांनी आयुष्यात प्रथमच लोकांसमोर सुलटं धरलं.

"आठ."

"खात्री आहे?"

गफूरमियांनी मान डोलावली. अदालतीतल्या माणसांनी श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला. लिंबाजी मटकन खाली बसला. त्यालाच सगळ्यात मोठा धक्का बसला होता, कारण खरं बोलून माणूस सुटतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो निर्दोष होता यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. म्हणून मी मनाशी म्हटलं, चला, चुकून का होईना, बरं झालं. गावात पेढे वाटले नाहीत एवढंच. गफूरमियाँ दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसले. टोले पडत, ते मान वर करत, डोलवत. मला वाटलं, पचलं.

चार-सहा दिवसांनी भर बाजारातून पोलिसांनी एक धनगर नेला. भिवा नाव. घोंगडं खांद्यावरून घसरत होतं, ते सावरायला हात मोकळे नव्हते. ओठ फुटून सुजलेला. मी दुकानातच होतो. दोराचं टोक यादवच्या हातात होतं.

"कोन हे?" गफूरमियांनी विचारलं.

"कापडवाल्याचा मारेकरी." यादव क्षणभर थांबला. तो मनानं वाईट नव्हता, सांगायला त्याला मोठेपणा वाटत होता. "तुमच्याच घडीनं सापडला, चाचा. आठ वाजता पुलापाशी कोन व्हतं, ह्याचा तपास लावला. तर ह्यानं तिथंच मेंढरं बसवली व्हती. नाही म्हनत व्हता. काल कबूल झाला."

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. आठ! ते आठ कुठून आलं होतं हे ठाऊक असलेले गावात आम्ही तिघंच होतो. त्यातला एक दोर धरून उभा होता, आणि आठ खोटं आहे हे तो चक्क विसरला होता. एकदा गफूरमियांची मान डोलल्यावर ते त्याच्यासाठीही खरंच झालं होतं. भिवा गफूरमियांकडं बघत होता. त्याला राग नव्हता, हा म्हातारा आपल्याकडं असा का बघतो एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

गफूरमियांनी हातातलं काम खाली ठेवलं. कुणाचं तरी उघडं घड्याळ होतं, अर्धवट. ते तसंच टाकून हा माणूस उठेल असं मी कधी मानलं नसतं. जोडे न घालताच ते अदालतीकडं चालू लागले. मी मागं धावलो. वाटेत म्हणालो, "गफूरमियाँ, लिंबाजी परत अडकेल. नीट विचार करा."

"पंत, म्या एकाला वाचवायला वक्त बनवला," ते न थांबता म्हणाले. "वक्त बनवला की तो कुनाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो. हे म्या घडीसाज असून मला कळलं न्हाय."

नाझिमसाहेबांसमोर दुसराच खटला चालू होता. गफूरमियाँ सरळ आत गेले. म्हणाले, "हुजूर, घडीत किती वाजले व्हते ते म्या बघितलंच नव्हतं. म्या चालू केली आन पुसून टाकलं. आठ म्या लावले. लिंबाजीनं मारलं का भिवानं मारलं का कुनी, हे मला ठाव न्हाय आन माझ्या घडीलाबी न्हाय. माझ्या सांगण्यावरून कुनाला सोडू नका आन कुनाला धरू नका." ते कुणासमोर केलं, कुणी करायला सांगितलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही यादवचं नाव घेतलं नाही, माझंही नाही.

 कागदावर शाई ओघळली तरी नाझिमसाहेबांचा टाक तसाच राहिला.

भिवाला सोडावं लागलं, कारण त्याच्याविरुद्ध त्या आठ वाजण्याखेरीज काही नव्हतं. मारून घेतलेली कबुली नाझिमसाहेबांनी मानली नाही. घड्याळातली खरी वेळच पुसली गेल्यावर लिंबाजीला परत धरायलाही काही उरलं नव्हतं. कापडवाल्याला कुणी मारलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. शिक्षा झाली ती एकट्या गफूरमियांना, अदालतीत शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. गावाला काय वाटावं हेच कळेना. काही जण संतापले, काही जण बायकांसारखे रडले. "मान डोलली का?" हा प्रश्न त्या दिवसापासून कुणाच्या तोंडून आला नाही.

त्यांना गुलबर्ग्याच्या तुरुंगात नेलं तो दिवस. मध्यान्हीला बाजारातून चालवत मोटारीकडं नेत होते. दोर यादवच्याच हातात. ज्या मनगटावर कधी घड्याळ चढलं नाही त्यावर सुताचा जाड दोर बघून मी खजिन्याच्या पायरीवर तसाच उभा राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. त्यात लिंबाजीची बायको होती, भिवाही होता. गफूरमियाँ खाली बघत चालले होते.

ते बरोबर आपल्या बंद दुकानासमोर आले आणि माझ्या पाठीमागं पहारेकऱ्यानं थाळीवर बाराचे टोले द्यायला सुरुवात केली. खजिन्यातलं ते घड्याळ अदालतीत कबुली द्यायच्या आदल्या दिवशी गफूरमियांनीच लावून दिलं होतं, आणि मी त्याला रोज हातानं चावी देत होतो. टोले बरोबर होते, मिनिटाचाही फरक नव्हता. शेवटचा टोला पडला आणि सगळा रस्ता, हलवाई, टांगेवाले, ती बाई, तो धनगर, दोर धरलेला यादवसुद्धा, सवयीनं गफूरमियांच्या मानेकडं बघू लागला.

मान खालीच राहिली.

ते पुढं चालू लागले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कापड दुकानदारानं मनगटावरचं घड्याळ लावायला चावी ओढली होती. ती त्यानं तशीच परत दाबली आणि पुटपुटला, "आज टोला चुकला वाटतं."